दोन पडद्यांमधली फट

भुसावळहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर रोज साधारण अर्धा तास माझ्या वाट्याला येतो. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. वाघूरचा पूल मागे पडतो, भादली येते आणि जाते, आणि केळीच्या बागा संपून घरे दाट होऊ लागली की जेवणाचा डबा उचलून दारापाशी सरकायचे. या अर्ध्या तासात माझ्या आजूबाजूचे बहुतेक लोक मोबाइलवर काहीतरी पाहत असतात, कोपऱ्यातल्या चौघांचा पत्त्यांचा डाव ठरलेला असतो आणि मी गेले सात-आठ महिने एकच खेळ खेळत आहे. त्याचे नाव ‘काँट्रा ४’; बंदूकधारी शिपायाला पळवत, उड्या मारायला लावत शत्रू टिपायचे, असा व्हिडिओ गेम. निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो नोव्हेंबर २००७ मध्ये निघाला. म्हणजे आजच्या हिशेबाने तो जुनाच, आणि ज्या ‘काँट्रा’चे घराणे तो चालवतो, तो मूळ खेळ कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढलेला, म्हणजे आणखी वीस वर्षांनी जुना.

माझ्या समोर बहुधा एक निवृत्त गृहस्थ बसतात. त्यांची आयुष्यभराची नोकरी रेल्वेतली, त्यामुळे त्यांना वेळेचे आणि जागेचे भान आपल्यापेक्षा जास्त आहे. पहिला महिनाभर त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि मग एके दिवशी गंभीर चेहऱ्याने सांगितले, “तुम्ही रोज भादलीलाच मरता.” मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवले तेव्हा त्यांचे म्हणणे अगदी बरोबर निघाले. भुसावळ सोडताना मी पहिल्या पातळीपासून सुरुवात करत असे, वाघूरपर्यंत जंगल पार होई, त्यानंतर प्रयोगशाळेची पातळी, आणि तिसरी, धबधब्याची पातळी मध्यावर आली की खिडकीबाहेर भादलीचा फलाट असे. गाडी ठरलेल्या वेळी धावत असे, खेळातले शत्रू ठरलेल्या जागी उगवत आणि मी ठरलेल्या जागी मरत असे. तेव्हापासून धबधब्यातल्या त्या कड्याला मी मनातल्या मनात भादलीच म्हणतो.

मूळ ‘काँट्रा’ माझ्या आयुष्यात आला तो यावलला, मामाच्या घरी. काळ १९९५-९६ चा. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सासुरवाशिणींचा माहेरपणाचा सण. आई आम्हाला घेऊन आधीच आठवडाभर यावलला येऊन राहायची. पितरांची घागर भरली जायची, सांजोऱ्या आणि आमरस व्हायचा, बायका झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि पुरुष ओट्यावर पत्ते कुटायचे. एरवी ज्या मामाला पत्त्यांचा कॅटसुद्धा घरात चालत नसे, तो त्या दिवशी पैसे लावून खेळायचा आणि हरायचा. आखाजीला खेळाला कोणी नाही म्हणत नाही, हा अलिखित नियम असल्यामुळे आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा मुलांनाही कोणी उठवत नसे. मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणत असू आणि बटणांच्या पट्टीला रिमोट. कॅसेटवर खेळांचा आकडा लाखांत छापलेला असे. प्रत्यक्षात तेच आठ-दहा खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत. त्यांतही ‘काँट्रा’ निदान पाच ठिकाणी होता. कुठे सुरुवातीलाच चांगली बंदूक हातात, कुठे एकदम पाचवी पातळी, आणि एके ठिकाणी तीन लाइफऐवजी तीस.

मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, त्यामुळे पहिला रिमोट त्याचा आणि निळा माणूसही त्याचाच. मी कायम लाल. त्या खेळात तिसरी पातळी धबधब्याची होती. एरवी डावीकडून उजवीकडे पळायचे, तिथे मात्र खालून वर चढायचे, आणि चित्र वरच्या खेळाडूबरोबर वर सरके. खाली रेंगाळलेल्या खेळाडूचे पाय चित्राच्या खालच्या कडेखाली गेले की तो मेला. शत्रू लागत नसे, गोळी लागत नसे. भाऊ दोन उड्या पुढे गेला एवढेच पुरे. किती दुपारी मी असा मेलो असेन याचा हिशेब नाही. “भो, थांब ना” हे माझे त्या पातळीतले कायमचे वाक्य होते आणि तो थांबल्याचे मला आठवत नाही.

तीस लाइफचे रहस्य मला फार पुढे कळले. कोनामीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे एक प्रोग्रामर होते, ते २०२० साली वारले. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करताना त्याची चाचणी घेणे त्यांना इतके अवघड गेले, की त्यांनी स्वतःसाठी बटणांचा एक गुप्त क्रम घालून ठेवला: दोनदा वर, दोनदा खाली, डावे, उजवे, पुन्हा डावे, उजवे, मग बी आणि ए. हाच क्रम घरच्या ‘काँट्रा’त तीस लाइफ देत असे. आम्हाला तो क्रम ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण कॅसेट बनवणाऱ्या अज्ञात कारागिराने ते काम आमच्यासाठी आधीच करून ठेवले होते. त्या तीस-तीस लाइफच्या जोरावर आम्ही एका दुपारी, वीज जाण्याच्या भीतीने धावतपळत, शेवटच्या पातळीतले ते धडधडणारे हृदय फोडले. हेलिकॉप्टर उडाले, बेट फुटले, नावे सरकू लागली. मामेभावाने रिमोट खाली ठेवला, “झालं?” असे म्हणाला आणि कैऱ्या पाडायला निघून गेला. मीही गेलो. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो शेवट दिसला तेव्हा आम्हा दोघांनाही काही वाटले नाही, हे तेव्हा विचित्र वाटले होते. आता त्यात विचित्र काही दिसत नाही. आम्ही तो खेळ जिंकलो नव्हतो, त्याच्या अंगावर माणसे फेकत राहिलो होतो.

तोच मामेभाऊ पुढे काही वर्षे अमेरिकेत नोकरीला होता. परत येताना त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेले एक डीएस लाइट आणि त्याबरोबर ही एकच कॅसेट माझ्या हाती ठेवली. ‘काँट्रा ४’ या नावाने हा खेळ उत्तर अमेरिकेतच विकला गेला. पुढच्या वर्षी जपानात तो ‘ड्युअल स्पिरिट्स’ या नावाने गेला. गंमत अशी, की घराणे जपानी असले तरी हा खेळ घडवला वेफॉरवर्ड या अमेरिकी कंपनीने, मूळ खेळाला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने. नव्वदीच्या उत्तरार्धात ‘काँट्रा’ला त्रिमितीत नेण्याचे दोन प्रयत्न झाले होते आणि ते फारसे कोणाला रुचले नव्हते. वेफॉरवर्डच्या मंडळींनी तो सारा काळ जणू झालाच नाही असे धरले आणि १९९२ च्या तिसऱ्या भागाला थेट पुढची संख्या जोडली. बाजूने दिसणारे सपाट चित्र, हाताने ठिपका-ठिपका रंगवलेली माणसे, आणि एक गोळी लागली की खेळ खलास. माझ्या मते हा निर्णय धाडसाचा कमी आणि शहाणपणाचा जास्त होता.

जुन्या घडणीचा खेळ म्हणजे नेमके काय, हे एखाद्याला समजावून सांगायचे तर मी आधी ही एका गोळीची गोष्ट सांगतो. आजच्या बहुतेक खेळांत अंगावर वार झेलायला जागा असते. थोडे लपावे, श्वास घ्यावा, जखम भरून येते. इथे शरीराला तसे काही मोजमापच नाही; माणूस एकतर धड आहे किंवा मेलेला आहे. त्यामुळे प्रत्येक गोळी सारखीच महत्त्वाची होते, आणि कोणाकडे दुर्लक्ष करावे असा शत्रूच उरत नाही. याचे मूळ अर्थातच नाण्याच्या यंत्रात आहे. खेळणाऱ्याने लवकर मरून दुसरे नाणे टाकावे, यावरच त्या यंत्राचा धंदा चाले. आमच्या बसस्थानकामागे एका टपरीवजा दुकानात अशी दोन यंत्रे होती आणि एका रुपयात किती वेळ टिकता येते यावर मुलांची पत ठरत असे. पण नुसते मारून टाकणारे यंत्र कोणी दुसऱ्यांदा खेळत नाही. मरणाऱ्याला आपण का मेलो हे कळले पाहिजे आणि पुढच्या वेळी ते टाळता येईल असे वाटले पाहिजे, हे ज्यांना जमले त्यांचेच खेळ टिकले.

‘काँट्रा’ला ते जमले याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण म्हणजे उडी. त्याच सुमाराच्या ‘कॅसलव्हेनिया’त एकदा उडी घेतली की घेतली, हवेत असताना दिशा बदलता येत नाही, जमिनीवर असतानाच सगळा विचार करून ठेवावा लागतो. ‘काँट्रा’तला माणूस मात्र गोळा होऊन उडतो आणि हवेत असतानाही त्याला मागे-पुढे वळवता येते. गोळी येताना दिसली, उडी घेतल्यावर दुसरी गोळी दिसली, तरीही सुटण्याची एक फट शिल्लक असते. म्हणजे खेळ कठोर असला तरी तो तुमचे हात बांधत नाही. आणि हात मोकळे असताना मेलो, तर दोष द्यायला दुसरे कोणी सापडत नाही. ‘काँट्रा ४’ने ही उडी जशीच्या तशी ठेवली आहे. हातात घेताच पहिल्या मिनिटात माझ्या अंगठ्याने ती ओळखली. डोळ्यांना मात्र यंत्राची सवय व्हायला आठवडा लागला.

बंदुकांच्या बाबतीत मात्र त्यांनी थोडी सावकारी आणली आहे. एकाच वेळी दोन बंदुका जवळ बाळगता येतात, आणि आहे तीच बंदूक पुन्हा मिळाली तर तिची ताकद वाढते. मरताना हातात जी असेल ती जाते, दुसरी राहते. यातून एक अजब कौशल्य जन्माला येते. आता आपण मरणार हे नक्की झाले, दोन्हीकडून गोळ्या आल्या आणि पळायला जागा उरली नाही, की त्या शेवटच्या अर्ध्या क्षणात बटण दाबून चांगली बंदूक पाठीला लावायची आणि सुमार बंदूक हातात घेऊन मरायचे. बाजारात खिसा कापला जाणार अशी शंका आलेल्या माणसाने मोठी नोट हळूच मोज्यात सरकवावी, तसला हा प्रकार आहे. खेळाच्या पहिल्या महिन्यात मला हे सुचलेही नव्हते. तिसऱ्या महिन्यात माझा अंगठा हे माझ्या नकळत करू लागला, आणि आता कधी कधी मरण टळूनही बंदूक बदललेली असते, तेव्हा स्वतःच्या भित्रेपणाचे हसू येते.

पण या खेळाचा खरा मुद्दा बंदूक किंवा उडी यांच्यात नाही. तो यंत्राच्या बिजागरीत आहे.

डीएसला एकावर एक असे दोन पडदे आहेत, प्रत्येक २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच. ‘काँट्रा ४’ या दोन्ही पडद्यांना मिळून एकच उंच चित्र मानतो. खाली तुम्ही पळत असता आणि वर कड्यावर, मनोऱ्यावर, तारेवर शत्रू उभे असतात. अडकवायचा आकडा वर फेकून तुम्हालाही खालच्या पडद्यातून वरच्या पडद्यात चढता येते. धबधब्यात ही उंची किती उपयोगी पडते हे वेगळे सांगायला नको. मात्र दोन पडद्यांच्या मध्ये बोटभर जागा अशी आहे, जिथे चित्रच नाही. नुसते प्लास्टिक आणि बिजागरी. दुसऱ्या एखाद्याने ही जागा सोडून दिली असती. गोळी वरच्या पडद्याच्या तळाशी पोचली की लगेच खालच्या पडद्याच्या माथ्यावर दाखवली असती. या मंडळींनी तसे केले नाही. त्यांनी ती फट खरीखुरी जागा धरली. गोळी वरून निघते, फटीत शिरते, तिथे दिसेनाशी होऊन आपला प्रवास चालूच ठेवते आणि मग खाली, तुमच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, एकाएकी प्रकट होते.

पहिल्या महिन्यात मला याचा मनस्वी संताप आला. दिसत नाही ती गोळी चुकवायची कशी? पडदा बनवणाऱ्याची अडचण खेळणाऱ्याच्या माथी का? हा आक्षेप माझ्या एकट्याचा नाही, आणि तो खोटा आहे असेही मी आज म्हणणार नाही. निदान दोन ठिकाणी, जिथे शत्रू स्वतःच फटीच्या कडेला उभा आहे आणि त्याचा हात हललेलाही दिसत नाही, तिथे ही फट सरळ अन्याय करते असे माझे मत कायम आहे. भादलीचा कडा त्यांपैकी एक. पण उरलेल्या खेळात माझी चूक अशी होती, की मी गोळीकडे पाहत होतो. गोळीकडे पाहणाऱ्याला फटीत काहीच दिसणार नाही. पाहायचे ते झाडणाऱ्याकडे. वरच्या पडद्यावरचा शिपाई थांबला, त्याने नेम धरला, ठिणगी उडाली, की गोळी निघाली. ती कोणत्या रेषेत जाणार हे तिथेच ठरले. मग मनात एक म्हणायचे, दोन म्हणायच्या आत जागा सोडायची. गोळी फटीतून बाहेर येते तेव्हा मी तिथे नसतो.

हे मोजणे म्हटले तर सोपे आहे आणि अंगवळणी पडायला तितकेच अवघड, कारण गोळी एक नसते. वर तिघे जण, खाली दोघे, पाठीमागून पळत येणारा एक, आणि फटीत त्या क्षणी किती गोळ्या आहेत याचा हिशेब डोक्यात. माझे वडील आडत दुकानात दिवाणजी होते. त्यांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती. केळीच्या घडांचे वजन आणि भाव ऐकला की ओठ किंचित हलत आणि रक्कम बाहेर पडे. पण मधलेच एखादे विचारले, सतरा दिडके किती, तर ते क्षणभर अडत आणि मनातल्या मनात वरपासून घोकत खाली येत. पाठांतर वरूनच सुरू करावे लागते, ते मधून उचलता येत नाही. या खेळाचेही अगदी तसेच आहे. चौथ्या पातळीतला अमुक शिपाई कुठून येतो असे मला कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. पण पहिल्यापासून खेळत तिथे पोचलो, की तो यायच्या आधी माझा अंगठा वर सरकलेला असतो. जुने खेळ दर वेळी पहिल्या पातळीपासून सुरू करायला लावतात याचा मला पूर्वी राग येई. आता वाटते, की त्याशिवाय हे पाठ होणेच शक्य नव्हते.

मुख्य खेळात मध्येच प्रगती जपून ठेवण्याची सोय नाही. माझ्यासारख्या अर्ध्या तासाच्या प्रवाशाला हे जड गेले असते, पण डीएसचे झाकण मिटले की यंत्र निजते आणि हिरवा दिवा मंद लुकलुकत राहतो. जळगाव आले की मी झाकण मिटतो. दिवसभर मी कार्यालयात पावत्या आणि करकपातीचे तक्ते जुळवत असतो आणि टेबलाच्या खणात तो बिचारा माणूस धबधब्याच्या मध्यावर, हवेत उडी घेतलेल्या अवस्थेत, उभा असतो. संध्याकाळच्या गाडीत झाकण उघडले की तो तिथून पुढे पडतो. सकाळची लय संध्याकाळी तशीच्या तशी सापडत नाही, म्हणून झाकण उघडताच मरण्याचे माझे प्रमाण फार मोठे आहे. यावर उपाय म्हणून मी झाकण मिटण्याआधी विरामाचे बटण दाबायची शिस्त लावून घेतली; उघडल्यावर आधी चित्र नीट पाहावे, कोण कुठे आहे ते आठवावे, आणि मगच सुरू करावे. समोरच्या गृहस्थांनी हेही टिपले होते. त्यांच्या मते ही शिस्त सिग्नल पडल्याशिवाय गाडी न हलवण्याइतकीच प्राथमिक होती आणि ती मला इतक्या उशिरा सुचावी याचे त्यांना आश्चर्य वाटले.

संगीताबद्दल एकच सांगतो. जेक कॉफमन यांनी दिलेले हे संगीत जुन्या चालींची आठवण ठेवून नवे काहीतरी करते, पण गाडीत आवाज बंद ठेवावा लागत असल्यामुळे मी ते फक्त रविवारी ऐकतो आणि रविवारी माझा खेळ बिघडतो. कान मध्ये आले की मोजणी चुकते.

मुख्य खेळाशिवाय यात चाळीस छोटी आव्हाने आहेत: अमुक वेळात पोचा, इतक्याच गोळ्यांत भागवा, अशा जातीची. यांतली काही नुसतीच चिडवणारी आहेत. पण ती पार करत गेले की कुलपे उघडतात, आणि त्या कुलपांमागे मूळ घरगुती ‘काँट्रा’ आणि त्याचा दुसरा भाग ‘सुपर सी’ ठेवलेले आहेत. यावलला आतल्या खोलीत पाहिलेले ते जंगल, पायाखाली फुटत जाणारे ते पूल, आणि शेवटी लाल दिव्याची ती भिंत, सगळे आता तळहातावर आले. मी तो खेळ तीन लाइफवर खेळलो. दुसऱ्या पातळीच्या पुढे गेलो नाही. तीस वर्षांपूर्वी आम्हाला ‘काँट्रा’ येतो अशी माझी समजूत होती. तो आम्हाला कधीच येत नव्हता. ‘काँट्रा ४’मध्ये मी पाचव्या पातळीपर्यंत सलग जातो आणि जुन्यात दुसरीतच अडतो, याचे कारण एवढेच, की नव्याचे मी पाठांतर केले आणि जुन्याचे करण्याची वेळ त्या कारागिराने आमच्यावर येऊ दिली नाही.

या वर्षी आखाजीला बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघे एकाच वेळी यावलला होतो. मामा आता नाहीत. या वेळी घागर त्यांच्याही नावाने भरली गेली. ऊन असे होते की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता आणि आतल्या खोलीत कूलर असूनही बोटांना घाम येऊन बटणे निसटत होती. दोघांनी मिळून खेळायचे तर दोन यंत्रे आणि दोन कॅसेट लागतात. आमच्याकडे एकच, म्हणून एक लाइफ त्याचे, एक माझे, असे ठरले. पहिला डाव अर्थातच त्याने घेतला. पंचेचाळिशीचा झाला तरी तो पूर्वीसारखाच खेळतो: न थांबता, पुढे पुढे, वर वर, शत्रू आला तर आला. जंगल त्याने माझ्यापेक्षा कमी वेळात पार केले हे मला कबूल करावे लागेल. धबधब्यात तो फटीने तीनदा मेला आणि तिन्ही वेळा “ही गोळी आली कुठून?” असे म्हणाला. मी त्याला मोजायला सांगितले. झाडणाऱ्याकडे बघ, एक म्हण, दोनच्या आत सरक. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला पोथी वाचायला सांगितली आहे.

माझे लाइफ संपल्यावर पुढचे त्याचे होते, आणि या वेळी तो भादलीच्या कड्याच्या एकच उडी खाली पोचला. तेवढ्यात मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली, “जेवाले चला रे, रस काळा पडीन.” तीस वर्षांपूर्वी आम्ही अशा हाकेला तीनदा तरी “आलो, आलो” म्हटले असते, आता मामी पंचाहत्तरीच्या आहेत, त्यामुळे त्याने पहिल्याच हाकेला फटकन झाकण मिटले आणि यंत्र कोनाड्यात ठेवले. विरामाचे बटण त्याने दाबले नव्हते. झाकण मिटण्याच्या क्षणी वरच्या पडद्यावर ठिणगी उडाल्याचे मी पाहिले होते. ते मी त्याला सांगितले नाही.

जेवण तासभर चालले. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, कुरडया, वर जुन्या गोष्टी. हात धुऊन तो परत आत आला, पायावर पाय टाकून बसला आणि कोनाड्यातले यंत्र घेऊन त्याने झाकण उघडले. मी मनात एक म्हटले. दोन म्हणायच्या आत त्याचा माणूस धबधब्यात पडला.

“आता माझं,” मी म्हणालो, आणि हात पुढे केला.